किण्व आणि शर्करा : असिटोनच्या एका आख्यायिकेची छाननी

पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात एक आख्यायिका चांगलीच रूढ झाली आहे. ती अशी की, इ. स. १९१५ मध्ये इंग्लंडच्या तोफा दारूवाचून मुक्या होण्याच्या बेतात असता खाईम वाइझमन नामक रसायनशास्त्रज्ञाने सूक्ष्मजंतूंकरवी धान्यापासून असिटोन नावाचे द्रव्य करून दिले व त्या राष्ट्राची लाज राखली. पुढे 'आपणांस काय द्यावे?' असे प्रधानांनी विचारता त्याने स्वतःसाठी काहीही न मागता आपल्या ज्यू बांधवांकरिता पॅलेस्टाइनात ठाव मागितला, आणि २ नोव्हेंबर १९१७ चे बाल्फोर-घोषणापत्र हे त्या मागण्याचे फळ होय. ही कथा हरदासी आख्यानास शोभेल अशी आहे. परंतु जी कथा ऐकताक्षणीच मनास गोड लागते तिचे पुरावे अधिक कसोशीने तपासावे, हा संशोधनाचा पहिला धडा असल्यामुळे प्रस्तुत लेखात आम्ही तिची छाननी करण्याचे योजिले आहे. ती करीत असता आमच्या असे ध्यानी आले की, या आख्यायिकेने केवळ एका घोषणापत्राचे कारण चुकीचे सांगितले आहे इतकेच नव्हे, तर या सबंध उद्योगाच्या इतिहासातील मुख्य प्रश्नच तिच्या आड दडून गेला आहे. तो प्रश्न जंतूचा नव्हे, जंतूस घालावयाच्या अन्नाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ज्याच्या योगाने गोड रस आंबतो त्या द्रव्यास आपल्या प्राचीन ग्रंथांत 'किण्व' अशी संज्ञा आहे. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्वाची घडण सांगितली आहे, आणि चार्वाकांनी तर किण्वापासून मदशक्ती उत्पन्न होते तद्वत् चार भूतांपासून चैतन्य उत्पन्न होते, असा दृष्टांतच योजिला. म्हणजे किण्वाचा गुण जुन्यांना पूर्ण ठाऊक होता. ते सजीव आहे, हे मात्र सूक्ष्मदर्शक यंत्रावाचून कळण्याजोगे नव्हते. ते कळल्यानंतरच 'हा जीव दुसरे काय काय करील?' हा प्रश्न संभवला, आणि तेथूनच आमच्या विषयाचा आरंभ होतो.

१. असिटोनची गरज का पडली? इ. स. १८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांनी 'कॉर्डाइट' नावाची निर्धूम दारू सिद्ध केली. तीत गनकॉटन व नायट्रोग्लिसरीन ही दोन स्फोटके एकजीव करावी लागतात. आणि ती एकजीव होऊन त्यांचा लगदा दोरीप्रमाणे ओढता यावा यासाठी असिटोन लागे. काम झाल्यावर ते उडून जाई. हे असिटोन त्या काळी लाकूड बंद भट्टीत तापवून मिळवीत. एक टन असिटोनसाठी ८० ते १०० टन लाकूड खर्ची पडे! इंग्लंडात अरण्ये थोडी. सबब बहुतेक माल अमेरिकेहून येई. युद्ध पेटल्यावर मागणी अतोनात वाढली आणि पुरवठा मात्र परक्या हाती राहिला. अडचण खरी होती, एवढा आख्यायिकेचा भाग निर्विवाद आहे.

२. परंतु वाइझमन हे या मार्गाचे आद्य प्रवासी नव्हत. जंतूंच्या योगाने ब्युटेनॉल होते असे पाश्चर यांनी १८६१ मध्येच नमूद केले होते. असिटोनही तसेच होते हे शार्डिंगर यांनी १९०५ मध्ये दाखविले. पुढे रबराचे भाव कडाडले तेव्हा कृत्रिम रबरासाठी ब्युटेनॉल मिळावे या हेतूने स्ट्रेंज अँड ग्रॅहॅम नावाच्या इंग्रजी कंपनीने मँचेस्टरचे पर्किन व वाइझमन आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फर्नबाख यांस एकत्र कामास लाविले. बटाट्याचे पिष्ट आंबविणारा एक जंतू फर्नबाख यांस १९११ मध्ये सापडला. वाइझमन १९१२ मध्ये त्या मंडळीतून फुटून निघाले व मँचेस्टर येथे स्वतंत्रपणे शोध करू लागले. त्यांस जो जंतू लाभला तो मका व इतर धान्यांच्या पिठावर उत्तम वाढे. त्यालाच पुढे १९२६ मध्ये 'क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम' हे नाव मिळाले. मार्च १९१५ मध्ये त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला. फर्नबाख यांच्या पक्षाने या पेटंटावर हरकत घेतली व तो वाद लंडनच्या न्यायालयापर्यंत गेला; १९२६ मध्ये निकाल वाइझमन यांच्या पेटंटाच्या बाजूने लागला. तेव्हा शोधाचे श्रेय त्यांचे आहेच. पण ते एका परंपरेतले आहे, अंतराळातून उतरलेले नव्हे.

या जंतूच्या कृतीचे प्रमाणही वाचकांनी लक्षात ठेवावे. जे द्रव्य निघते त्यात स्थूलमानाने सहा भाग ब्युटेनॉल, तीन भाग असिटोन व एक भाग मद्यार्क असतो. युद्धास हवे होते असिटोन. म्हणजे जंतूने जे मुख्यत्वे केले ते त्या वेळी कोणासच नको होते.

३. आता आख्यायिकेच्या मुळाकडे वळू. तिचा मुख्य आधार लॉइड जॉर्ज यांच्या युद्धविषयक आठवणी, ज्या १९३३ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. म्हणजे घटनेनंतर सोळा वर्षांनी, एका वयोवृद्ध मुत्सद्द्याने स्मरणावर विसंबून लिहिलेला हा मजकूर होय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपण युद्धसामग्री खात्याचे मंत्री असता वाइझमन यांची गाठ पडली, काही आठवड्यांतच त्यांनी कोडे सोडविले, व बक्षिसाचे बोलणे निघाले. या कथनाविरुद्ध चार प्रमाणे आहेत.

पहिले कालाचे. युद्धसामग्री खाते मे १९१५ मध्ये निर्माण झाले. वाइझमन यांचा पेटंटाचा अर्ज तत्पूर्वीचा आहे. जे कोडे आधीच सुटले होते ते मंत्र्यांच्या भेटीनंतर सुटले, हे कसे घडावे?

दुसरे परिचयाचे. वाइझमन व बाल्फोर यांची ज्यूंच्या मायदेशाविषयीची पहिली बोलणी १९०६ मध्ये मँचेस्टर येथे झाली. लॉइड जॉर्ज यांच्याशीही त्यांची याच विषयावर भेट १९१५ च्या आरंभी, म्हणजे उपरोक्त खाते जन्मास येण्यापूर्वी, झाली होती. हर्बर्ट सॅम्युएल यांनी पॅलेस्टाइनविषयीचे टिपण मंत्रिमंडळापुढे जानेवारी १९१५ मध्येच ठेविले होते. हा विषय असिटोनने आणिला नाही.

तिसरे बक्षिसाचे. वाइझमन यांनी काहीच घेतले नाही हेही यथार्थ नाही. त्यांस या शोधाबद्दल सरकारकडून सुमारे १०,००० पौंड मिळाले. यात कमीपणा कोणताच नाही. परंतु निःस्पृहतेची कथा मात्र यामुळे ढासळते.

चौथे व सर्वांत बलवत्तर प्रमाण खुद्द नायकाचे. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात वाइझमन यांनी ही हकीकत किंचित् विनोदाने बाजूस सारिली असून, इतिहास अशा जादूच्या दिव्यांनी चालत नसतो, अशा आशयाचे मत दिले आहे. ज्याची स्तुती तोच ती नाकारीत असेल तर आणखी साक्ष कशास हवी?

तथापि निषेधाच्या भरात दुसऱ्या टोकास जाऊ नये. या कामामुळे वाइझमन लंडनास येऊन राहिले व मंत्र्यांकडे त्यांचे जाणेयेणे सुलभ झाले, इतका परिणाम आम्हांस मान्य आहे. परंतु घोषणापत्राची कारणे सुवेझच्या रक्षणाची चिंता, रशिया व अमेरिका येथील ज्यू लोकमत, तुर्की साम्राज्याच्या वाटणीचा विचार, अशी राजकारणाची होती. आणि त्या भूमीत पिढ्यानुपिढ्या राहत आलेल्या अरबांस कोणी विचारिले नाही, ही गोष्टही 'बक्षीस' या शब्दाखाली झाकून जाते. आख्यायिकेचे हे एक मोठे अनिष्ट होय.

४. दुसरे अनिष्ट आम्हांस त्याहून कमी वाटत नाही. आख्यायिकेत जंतू आहे, शास्त्रज्ञ आहे, मंत्री आहे. पण मका नाही. वस्तुतः सर्व खेळ मक्याचा होता. किंग्ज लिन येथील कारखान्यात स्ट्रेंज अँड ग्रॅहॅम बटाटे आंबवीत. १९१६ मध्ये तो सरकारने घेऊन वाइझमन यांची मक्याची रीत चालू केली तेव्हा उत्पन्न सुमारे दुप्पट झाले. पण हा मका समुद्रापलीकडून येणारा! जर्मन पाणबुड्यांनी १९१७ मध्ये धान्याची जहाजे बुडविण्याचा सपाटा लाविला, तेव्हा धान्य माणसांनी खावयाचे की तोफांनी, हा प्रश्न उघड उभा राहिला.

त्याचे उत्तर दोन प्रकारे दिले गेले. एक, धान्य जेथे विपुल तेथेच जंतू नेणे. कानडातील टोरांटो येथे १९१६ मध्ये व अमेरिकेत टेरे होट येथे पुढे मद्याच्या भट्ट्या या कामास जुंपिल्या गेल्या. दुसरा उपाय असा की, माणसे खात नाहीत असे पिष्ट शोधणे. १९१७ च्या शरदृतूत इंग्लंडातील शाळकरी मुलांस हॉर्स चेस्टनट या झाडाची कडू फळे वेचून आणण्यास सांगण्यात आले. कशासाठी, ते गुप्त ठेविले होते. सुमारे ३,००० टन फळे किंग्ज लिन येथे पोचली. कित्येक ढीग आगगाडीच्या स्थानकांवरच कुजले. आणि जी पोचली त्यांपासूनही असिटोन नीट निघेना. १९१८ च्या जुलैत कारखाना बंद झाला. जंतू तोच, रीत तीच, शास्त्रज्ञही तेच. शर्करेचा झरा आटला मात्र, आणि सारे अडले.

या कथेचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येऊन पोचतो. युद्धकाळात हिंदुस्थान सरकारने नाशिक येथे असिटोनचा कारखाना उभारिला. मँचेस्टरहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेले गिल्बर्ट फौलर व त्यांचे सहकारी यांनी असिटोनकारी जंतूंचा, तसाच मोहाच्या फुलांचाही अभ्यास केला. मोहाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक अंश शर्करेचा असतो, त्यामुळे आंबविण्याच्या धंद्याची दृष्टी तिजकडे जावी हे साहजिक होते. पण मोहाचे फूल हे कोणाचेच अन्न नाही असे थोडेच आहे? डोंगरपट्टीतील आदिवासींचे ते टंचाईच्या दिवसांतले खाणे. १८९२ च्या मुंबई मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करणे व बाळगणे यांवर आधीच निर्बंध घातले होते, तेही अबकारीच्या उत्पन्नासाठी. चेस्टनट कडू असल्यामुळे तरी कोणाच्या ताटातून गेला नाही. मोहाचे तसे म्हणता येत नाही.

५. युद्ध संपताच असिटोनची निकड सरली, आणि तोवर निरुपयोगी म्हणून साठवून ठेविलेल्या ब्युटेनॉलचे भाग्य उदयास आले. मोटारींस लावावयाच्या झटपट वाळणाऱ्या नव्या रोगणांत त्याचा उपयोग होऊ लागला. कमर्शियल सॉल्व्हंट्स कंपनीने टेरे होट व पिओरिया येथे मोठे कारखाने चालविले. १९३० नंतर मक्याच्या जागी साखर कारखान्यांतील स्वस्त मळी आली. १९४५ मध्ये अमेरिकेतील सुमारे दोन-तृतीयांश ब्युटेनॉल या जंतूंच्या कष्टाचे होते. पुढे पंधरा वर्षांत तेथील हा उद्योग जवळजवळ नामशेष झाला. जंतू थकले काय? मुळीच नाही. खनिज तेलापासून तेच द्रव्य अधिक स्वस्तात होऊ लागले, आणि मळीस गुरांच्या खाद्यात बरा भाव मिळू लागला, इतकेच. उलट दक्षिण आफ्रिकेत, जेथे मळी मुबलक व तेलाची चणचण, तेथे जर्मिस्टन येथील कारखाना १९८० नंतरही एक-दोन वर्षे चालू होता. हा भेद जंतूंच्या जातीने नव्हे, शर्करेच्या भावाने पाडला.

६. यानंतरचा भाग आपल्या काळातला आहे. १९७३ मध्ये कोहेन व बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्यात रोवून ते तेथे चालते असे दाखविले. तेव्हापासून निसर्गाने दिलेला जंतू शोधीत बसण्याऐवजी हवा तसा जंतू घडविणे शक्य झाले. जुन्या जंतूचेही रहस्य याच विद्येने उलगडले. वाइझमन आपल्या जंतूची बीजे कढत पाण्यात क्षणभर तापवून, जे तगतील तेच पुढे वाढवीत; ही क्रिया शंभरांहून अधिक वेळा करीत. असे न केल्यास जंतूंचा वंश 'बिघडे' व असिटोन-ब्युटेनॉल देईनासा होई. याचे कारण त्यांस ठाऊक नव्हते. या जंतूचा समग्र जनुकलेख २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३९ लाख ४० हजार अक्षरांचे मुख्य गुणसूत्र असून शिवाय सुमारे १ लाख ९२ हजार अक्षरांचे एक निराळे कडे आहे. असिटोन व ब्युटेनॉल करण्याची जनुके या कड्यावर आहेत. ते हरवले की ती शक्ती जाते, आणि तिजबरोबर कठीण कवचाची बीजे धरण्याची शक्तीही जाते. बीज नसलेला जंतू उष्णतेत मरतो. म्हणजे तापविण्याने नेमके बिघडलेलेच निवडून मारले जात होते. कारण न कळताही रीत अचूक असू शकते, याचे हे मार्मिक उदाहरण होय.

घडविलेल्या जंतूंची दोन उदाहरणे पुरेत. ड्यूपाँट व जेनेनकोर या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनी 'एशेरिकिया कोलाय' या जंतूत यीस्टची व 'क्लेब्सिएला' नामक दुसऱ्या जंतूची जनुके घालून त्याच्याकडून मक्याच्या ग्लुकोजपासून प्रोपेनडायॉल हे द्रव्य करविले. यीस्टच्या जनुकांनी ग्लुकोजचे ग्लिसरॉल व्हावे, आणि क्लेब्सिएलाच्या जनुकांनी ग्लिसरॉलचे प्रोपेनडायॉल, अशी ही योजना. त्यापासून गालिच्यांचा व कापडाचा धागा होतो. हा कारखाना २००६ मध्ये अमेरिकेतील लाउडन येथे, मका दळून ग्लुकोज काढणाऱ्या टेट अँड लाइल कंपनीच्या भागीदारीत, सुरू झाला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील जेम्स लियाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जंतूची प्रथिनघटक तयार करण्याची वाट वळवून त्याच्याकडून आयसोब्युटेनॉल काढले. विद्या अपूर्व आहे यात संशय नाही. परंतु जुन्या वाइझमन-परंपरेतील किण्वन पुन्हा व्यापारी रीतीने चालविण्यासाठी अमेरिकेतच लिटल फॉल्स येथे २०१६ मध्ये उघडलेला कारखाना २०१९ मध्ये बंदही पडला. आणि प्रोपेनडायॉलचा कारखाना पाहा : तो ज्या कंपनीजवळ ग्लुकोज होते तिचा हात धरून उभा राहिला. जंतू कितीही कुशल केला, तरी शर्करेवाचून तो उपाशीच.

७. ही गोष्ट महाराष्ट्राने विशेष मनावर घेतली पाहिजे, कारण ऊस व मळी यांवर आपल्या कित्येक तालुक्यांचा संसार उभा आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या हंगामात उसाचा रस इथेनॉलकडे वळविण्यास मनाई केली, कारण साखरेचे उत्पन्न घटण्याची भीती होती. आठवड्याभरात ती मनाई काहीशी शिथिल झाली, व ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामापुरती उठविली गेली. इथेनॉल करणारे यीस्ट निराळे, असिटोन करणारा जंतू निराळा. पण गोडी ताटात जावी की टाकीत, हा प्रश्न १९१७ चाच होय. फरक इतकाच की, किंग्ज लिनच्या मुलांस फळे कशासाठी वेचतो हे सांगितले नव्हते, आणि आपल्या शेतकऱ्यास ऊस कशासाठी लावतो ते ठाऊक आहे. पण हंगामाच्या मध्यावर ते बदलणार किंवा कसे, हे मात्र त्यास ठाऊक नसते.

यावरून आमचा सिद्धांत असा. असिटोनच्या कथेतून वाइझमन यांचे नाव वगळण्याचे कारण नाही. परंतु घोषणापत्राचे कारण म्हणून ती कथा यापुढे इतिहासग्रंथांतून सांगितली जाऊ नये. आणि किण्वनाच्या उद्योगाचा इतिहास जो कोणी लिहील त्याने केवळ प्रयोगशाळांची दप्तरे न पाहता धान्याच्या पेठा, जहाजांच्या नोंदी, अबकारीचे कायदे व जंगलखात्याची कागदपत्रेही पाहावी. नाशिकच्या कारखान्याचे व ठाणे-कुलाब्याच्या मोहा-निर्बंधांचे सरकारी कागद या दृष्टीने एकत्र वाचिले गेले, तर आपल्याच मुलुखातील या प्रकरणाचा एक चांगला अध्याय सिद्ध होईल. तरुण अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.